एकूण दुवे : सहाशे बारा

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विषय : हिच्या संगणकावरील दुव्यांची वर्गवारी करून ती संकेतस्थळाच्या रूपाने मांडण्याबाबत.

तुझी ताई जाऊन परवा आठ महिने झाले. तिचा संगणक हल्ली सुरू होताना पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी तो उघडून पाहिला आणि काही न बोलता मान हलवली. डॉक्टरांमुळे तशी मान मला ओळखता येते. म्हणून आतले जे वाचवता येईल ते काढून घेतले. छायाचित्रे थोडी, पत्रे त्याहून थोडी. मात्र तिने ब्राउझरमध्ये खूण करून ठेवलेले दुवे निघाले सहाशे बारा. क्रम नाही, वर्गवारी नाही, काही नाही. एकतीस वर्षे अभिलेख कक्ष सांभाळलेल्या माणसाच्या घरात, त्याच्या पाठीमागे चार फुटांवर, हा प्रकार राजरोस चालू होता.

रोज दुपारी ती त्या संगणकासमोर बसे आणि मी त्याच खोलीत बसे. ती काय शोधते आहे, हे मी एकदाही विचारले नाही. आता विचारण्याची सोय राहिलेली नाही. तेव्हा हे दुवे नीट लावून पाहिले तर तिला काय हवे होते ते समजेल, असा माझा कयास आहे. तो चुकीचा असू शकतो. पण दुसरा कोणताही कयास माझ्याकडे नाही.

या कामासाठी मी वाचनालयातून सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि डेटाबेस या विषयावरचे एक पुस्तक आणले आहे. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. (तोलून पाहिले.) तू हाच विषय महाविद्यालयात शिकवतेस. तुझ्या सर्व्हरवर थोडी जागा आणि सवडीने थोडे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

आपला,
भाऊजी

सोबत : काही नाही.


४ फेब्रुवारी

भाऊजी, नमस्कार.

अहो, मेहुणीला पत्र लिहिताय की पाणीपुरवठा खात्याला? "सोबत : काही नाही" वाचून मी कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले, आणि मग तिथंच रडले. सहकारी बाईंना वाटलं, पेपर तपासून माझं डोकं फिरलं.

जागा दिली. पासवर्ड वेगळ्या पत्रात पाठवतेय. कृपा करून तो कागदावर लिहून कपाटाला चिकटवू नका.

पहिला धडा. दोन तक्ते करायचे. एक प्रवर्गांचा, एक दुव्यांचा. प्रवर्गांच्या तक्त्यात एक रकाना असा ठेवा, की प्रत्येकाला आपला वरचा प्रवर्ग कोणता ते कळेल. दुव्यांच्या तक्त्यात शीर्षक, पत्ता, प्रवर्ग, जोडल्याची तारीख. ब्राउझरच्या फाइलमध्ये ताईनं प्रत्येक दुवा कधी जोडला ते असतं, ते टाकू नका. आणि एक "दिसावा का" असा रकाना, एक किंवा शून्य. अर्धवट राहिलेला दुवा शून्य करून झाकून ठेवायचा.

आणि हात जोडून सांगते, आधी दुवे वाचा, मग प्रवर्ग ठरवा. उलट करू नका. मी तुम्हाला ओळखते. तुम्ही उलट कराल.

धाकटी


दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

संदर्भ : तुझे दि. ४ चे पत्र, विशेषतः शेवटचा परिच्छेद.

मी उलट केले.

नऊ मुख्य प्रवर्ग आणि त्रेसष्ट उपप्रवर्ग आधी आखले, त्यांना दशांश पद्धतीचे क्रमांक दिले आणि मगच दुवे उघडले. त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस उपप्रवर्ग रिकामे आहेत. खगोलशास्त्राखाली मी पाच शाखा काढल्या होत्या. तुझ्या ताईने आकाशासंबंधी एकही दुवा ठेवलेला नाही.

याउलट "मांजराला गोळी कशी द्यावी" या विषयावर सात दुवे आहेत. आमच्याकडे मांजर नव्हते. ते मी "पशुवैद्यक, लघुप्राणी, औषधयोजना" येथे दाखल केले. "नाही कसे म्हणावे" हा एक लेख आहे. तो मी "भाषा, व्याकरण, नकारार्थी वाक्यरचना" येथे घातला. नंतर उघडून वाचला असता त्यात व्याकरण अजिबात नाही असे आढळले. तूर्त तो तेथेच आहे.

दुवा जोडण्याचा अर्ज मी स्वतः तयार केला. तो पाठवल्यावर पान कोरे दिसले, म्हणून मी ते पुन्हा मागवले. पुन्हा कोरे, पुन्हा मागवले. नंतर तक्ता पाहिला तर एकच दुवा अकरा वेळा नोंदला गेला होता. आमच्या कक्षात एखाद्या कनिष्ठाने असे केले असते तर मी त्याला ज्ञापन दिले असते. स्वतःला ज्ञापन कसे द्यावे याची पद्धत मला ठाऊक नाही.

सर्वांत गंभीर बाब अशी, की काल सर्व दुवे एकदम आत घेतले आणि पान उघडले, तर प्रत्येक शीर्षकाच्या जागी प्रश्नचिन्हे. ओळीमागून ओळ, सहाशे बारा ओळी, फक्त प्रश्नचिन्हे. मी बराच वेळ ते पाहत राहिलो. मग संगणक बंद करून फिरायला गेलो.

आपला,
भाऊजी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

घाबरू नका, ताई काही विचारत नव्हती. तक्ता बनवताना तुम्ही अक्षरसंच सांगितला नाहीत, त्यामुळे डेटाबेसला देवनागरी वाचताच येईना. आता मी अक्षरसंच बदललाय. सगळं पुन्हा आत घ्या, अक्षरं येतील. दुवा द्या मला. दोन्ही अर्थांनी.

अर्ज नोंदला गेला की स्क्रिप्टनं लगेच दुसऱ्या पानावर पाठवायचं, म्हणजे अकरा-अकरा नोंदी होत नाहीत. नमुना जोडलाय. (बघा, माझ्या पत्रासोबत काहीतरी आहे.)

मांजर तुमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींचं. तीन वर्षं ताई रोज सकाळी जाऊन त्याला गोळी देत होती. हातावर ओरखडे कसले, असं तुम्ही विचारल्यावर ती "गुलाब" म्हणाली होती. तुमच्याकडे गुलाब तरी कुठं होता?

आणखी एक. प्रत्येक दुव्याखाली "हिने जोडला" असं का येतंय? जगाला कसं कळणार "ही" म्हणजे कोण? कुणाला वाटेल स्क्रिप्टच लाजतेय.

धाकटी


दि. १५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

संकेतस्थळ पूर्ण झाले. आजपासून ते सर्वांसाठी खुले आहे. रिकामे उपप्रवर्ग काढून टाकले. खगोलशास्त्र काढताना हात जड झाला, पण काढले. मांजर "शेजार" या नव्या प्रवर्गात हलवले. "नाही कसे म्हणावे" अजून व्याकरणातच आहे, कारण ते दुसरीकडे कोठे न्यावे हे मला ठरवता आले नाही.

"हिने जोडला" हे शब्द मात्र मी तसेच ठेवले आहेत. चौतीस वर्षे मी तिचा उल्लेख चारचौघांत असाच केला. आता नाव लिहायला घेतले की ते दुसऱ्याच कोणाचे तरी वाटते. जगाने समजून घ्यावे.

सवडीने पाहून दोष कळवावेत.

आपला,
भाऊजी


१६ मार्च

भाऊजी!

पाहिलं. सुंदर झालंय. खोटं नाही सांगत, माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हे वर्गात दाखवणार आहे. शोधाची चौकट चालते, प्रवर्गाच्या वरचा प्रवर्ग दिसतो, मागं जाता येतं. आणि "शेजार" मी दोनदा उघडून वाचला.

एकच दोष. पानाच्या तळाशी लिहिलंय "एकूण दुवे : ६१२". सवयीनं मी प्रवर्गांपुढच्या आकड्यांची बेरीज केली. ती येते पाचशे एकाहत्तर.

एक्केचाळीस दुवे कुठं गेले?

धाकटी


दि. १७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बेरजेतील तफावत माझ्या निदर्शनास आहे. ती तांत्रिक स्वरूपाची असून तिचा परिणाम वापरावर होत नाही.

आपला,
भाऊजी


१८ मार्च

तांत्रिक म्हणे!

भाऊजी, एकूण आकडा काढताना तुमची स्क्रिप्ट सगळ्या ओळी मोजते, आणि प्रवर्गात दाखवताना फक्त "दिसावा का" एक असलेल्या. म्हणजे एक्केचाळीस ओळींचा रकाना तुम्ही मुद्दाम शून्य केलाय. लपवायचंच होतं तर एकूण आकडाही कमी करायचा होतात, एका शब्दाचं काम होतं. पण तुम्ही तुम्हीच. लपवाल, पण बेरीज खोटी लिहिणार नाही!

डेटाबेस माझ्याच सर्व्हरवर आहे. आत्ता या क्षणी उघडून बघू शकते. बघणार नाही. ताईच्या सामानात तुमच्या परवानगीशिवाय हात घालायचा नाही, असं मी तिच्या कपाटापाशीच ठरवलं होतं.

तुम्ही सांगा. वाट बघते.

धाकटी


दि. २५ मार्च

चि. धाकटीस,

आठवडा लागला. क्षमस्व.

एकूण आकडा बदलण्याचा प्रयत्न मी केला होता. पाचशे एकाहत्तर लिहून पाहिले. तिने सहाशे बारा ठेवले होते. मी पुन्हा सहाशे बारा केले.

ते एक्केचाळीस दुवे भाड्याच्या खोल्यांचे आहेत. "एकट्या स्त्रीसाठी", "स्वतंत्र प्रवेश", "नोकरदार महिलेस प्राधान्य" अशी शीर्षके आहेत. वरचे चार-पाच मी उघडून पाहिले, ते सर्व तुझ्या गावातले. पुढचे उघडण्याचे धैर्य झाले नाही. एका ओळीची आज्ञा लिहिली आणि सगळ्यांचा रकाना शून्य केला. सर्व्हरने एक्केचाळीस ओळी बदलल्या असे नम्रपणे कळवले.

यावरून काय निष्पन्न होते ते उघड आहे. तुझ्या ताईला मला सोडून तुझ्या गावी राहायचे होते. तिने ते का केले नाही, हे मला माहीत नाही. आजारपण आडवे आले असावे. तू जाणत असशील. मला दोष द्यायचा नाही, तुलाही नाही. जवळपास दोन महिने मी तिच्या आवडीनिवडींची वर्गवारी करीत बसलो, आणि तिची एकच खरी निवड मी शून्याखाली झाकून ठेवली, हे एवढे हास्यास्पद आहे की त्यावर मला हसताही येत नाही. एरवी मी स्वतःवर बऱ्यापैकी हसतो, हे तू पाहिले असशीलच.

तुला परवानगी आहे. पाहा. आणि माहीत असेल ते सांग.

भाऊजी


२६ मार्च

भाऊजी,

पाहिलं. आधी ऐका, मग काय हवं ते म्हणा.

त्या खोल्या माझ्यासाठी होत्या.

चार वर्षांपूर्वी माझं घरी अजिबात जमेना. नवऱ्याशी बोलणं बंद झालं होतं. मी ताईला फोन केला आणि नुसती रडले. तिनं एका आठवड्यात खोल्या शोधल्या आणि "डोळे तपासायला" म्हणून तीन दिवस माझ्याकडे आली. दोघी मिळून खोल्या बघत फिरलो. मी पाच महिने एकटी राहिले. मग हळूहळू आमचं सुरळीत झालं, मी परत आले. तुम्हाला सांगितलं होतं, की कॉलेजनं प्रशिक्षणाला पाठवलंय.

तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही मला चार पानी पत्र लिहिलं असतंत, मुद्देनिहाय. मला तेव्हा मुद्दे नको होते. तुम्हाला आठवत नसेल, पण तुम्ही त्या प्रशिक्षणाबद्दल माझं अभिनंदन करून प्रमाणपत्र बघायला मागितलं होतंत. ताई म्हणाली, "एक छापून घे बाई, हे विसरायचे नाहीत." मी खरंच छापलं. तुम्ही ते वाचून म्हणालात, शिक्का जरा तिरका आहे.

माझ्यामुळं तुम्ही हा आठवडा असा काढलात. माफ करा.

आता पुढचं. मी तारखेप्रमाणे लावून पाहिलं. (अभिलेख कक्षात एकतीस वर्षं काढलेल्या माणसानं हे का केलं नाही?) अडतीस दुवे चार वर्षांपूर्वीचे, एकाच आठवड्यातले. ते माझे. उरलेले तीन दोन वर्षांपूर्वीचे आहेत. तुम्ही निवृत्त झालात त्यानंतर दोन महिन्यांनी जोडलेले. आणि ते माझ्या गावातले नाहीत. तुमच्याच गावातले आहेत.

त्या तिन्हींबद्दल मला काहीच माहीत नाही. तुमची शपथ. ताई मला सगळं सांगायची, असं मी आजवर समजत होते.

दोन पत्ते आता उघडत नाहीत. तिसरा उघडतो. तुमच्या घरापासून चालत वीस मिनिटं.

जायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

धाकटी


दि. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

प्रथम तुझ्याविषयी. चार वर्षांपूर्वी मी तुझ्या शिक्क्याचा तिरकेपणा पाहिला आणि दुसरे काही पाहिले नाही, याबद्दल मी तुझी क्षमा मागतो. ते अडतीस दुवे तुझे आहेत. तू सांगशील तेव्हाच ते दिसतील किंवा कायमचे काढले जातील.

काल मी तिसऱ्या पत्त्यावर गेलो. खाली शिवणकामाचे दुकान आणि वर ती खोली. मालकीण स्वतः शिवणयंत्रावर बसल्या होत्या. झालेले संभाषण शक्य तितके शब्दशः देतो.

"खोली बघायचीय? माणसं किती?"

"माणसे नाहीत. चौकशी आहे."

"पोलीस का तुम्ही?"

"नाही. अभिलेख."

त्यांना ते समजले नाही. मी हिचे छायाचित्र पुढे केले. त्यांनी चष्मा पुसला.

"या होय! या आल्या होत्या की. दोनदा. आठवड्यातून दोन दुपारी खोली मिळेल का, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, खोली म्हणजे काय भाड्याची सायकल आहे, तासावर द्यायला?"

"कशासाठी हवी, हे सांगितले का?"

"विचारलं ना मी. म्हणाल्या, मिस्टर निवृत्त झालेत. माणूस लाख चांगला, पण दिवसभर सांगत असतात."

"काय सांगतात?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाल्या, सगळंच."

शिवणयंत्र थांबले होते. मी गप्प राहिलो. प्रयत्नपूर्वक.

"हसत होत्या हो सांगताना," त्या बाई म्हणाल्या. "मला दया आली. म्हटलं, जा, दोन दुपारी तर दोन दुपारी. तर म्हणाल्या, घरी विचारून येते. मग आल्याच नाहीत. मिस्टर नाही म्हणाले असणार, दुसरं काय!"

"त्यांनी विचारलेच नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कोण?"

"मी मिस्टर."

त्यांनी मला पाणी दिले. ती गेली, हे मी सांगितले. त्यावर त्यांनी यंत्राखालचे कापड दोनदा घडी केले आणि दोनदा उलगडले.

परतताना वीस मिनिटे मी हिशेब करीत होतो. आठवड्याला सात दुपारी. त्यांपैकी दोन तिला माझ्याविना हव्या होत्या. म्हणजे पाच मी चालणार होतो. सातांपैकी पाच म्हणजे एकाहत्तर टक्के. प्रथम श्रेणी. विशेष योग्यता चार टक्क्यांनी हुकली. आठवडाभर मी स्वतःला अनुत्तीर्ण समजत होतो, त्या मानाने निकाल बरा आहे.

तिने मला विचारले असते तर मी कारण मागितले असते. ते लेखी मागितले असते. एक-दोन शंका काढल्या असत्या. आणि मग दुपारी दिल्या असत्या, असे मला वाटते. हे शेवटचे वाक्य सिद्ध करता येत नाही, म्हणून ते मी फक्त तुला लिहितो आहे. निवृत्तीनंतर ऐकणारे एकच माणूस उरले होते आणि मी त्याच्यावर कार्यालय चालवले.

ते तीन दुवे मी खुले केले. त्यांच्यासाठी "दोन दुपारी" असा प्रवर्ग उघडला आहे. "नाही कसे म्हणावे" हा लेखही व्याकरणातून काढून तेथे नेला.

एक बाब वर नमूद करायची राहिली. निघण्यापूर्वी मी बाईंना विचारले, की ती खोलीत बसली होती का. त्या म्हणाल्या, हो, पंधरा मिनिटं, काही न करता, नुसती. मीही बसू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "बसा की. खुर्ची एकच आहे."

मी वर गेलो. बसलो. साधी खोली आहे, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसतात. पाचव्या मिनिटाला खिडकीची कडी उलटी बसवलेली आहे असे माझ्या लक्षात आले आणि ते सांगण्यासाठी मी तोंड उघडले.

खोलीत कोणी नव्हते. मी तोंड मिटले आणि उरलेली दहा मिनिटे बसून राहिलो.

भाऊजी